बटणांच्या डब्यातली माती

रोमहून परतताना झ्युरिकच्या विमानतळावर साडेदहा तास ताटकळायचं आहे हे कळल्यावर किलकॅरन या आयरिश गावच्या यात्रेकरूंनी तिकिटं काढणाऱ्या एजंटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एकटी सोरखा बॉनर तेवढी गप्प होती. डब्लिनहून रोमला सरळ जाणारी विमानं असतात हे तिला ठाऊक होतं, आणि तिनेच महिनाभर फादर डीनींच्या मागे लागून हा उलटा घास त्यांच्या गळी उतरवला होता. बाकीच्या बावीस जणांना याचा पत्ता नव्हता. फादर डीनी पडले लोकांची पापं ऐकून पोटात ठेवणारे, त्यांच्याकडून काही फुटण्याची भीती नव्हती.

सोरखाला झ्युरिकशी देणंघेणं नव्हतं. तिथून दोन तासांवर, डोंगरांच्या बेचक्यात हिंटरस्टाल्डन नावाचं खेडं आहे. त्या खेड्याच्या चर्चमागे तिचा धाकटा भाऊ कॉनल पुरलेला होता. नव्वद साली धरणाच्या बोगद्यात छत कोसळलं आणि सव्वीस वर्षांचा कॉनल त्याखाली गेला. आमच्या डोनेगॉलची पोरं चार पिढ्या परमुलखात बोगदे खणत आली आहेत, त्यामुळे असं मरण आमच्याकडे नवं नाही. पण कॉनलची शवपेटी उघडता येणार नाही असं तिकडून कळवलं, आणि आईने फादरांच्या दिवाणखान्यातल्या फोनवर, "मग तिथेच ठेवा त्याला," असं म्हटलं. पुढे एक फोटो आला. भिंतीकडून तिसऱ्या रांगेत करड्या दगडाची कबर, मागे टोप्या काढून उभे असलेले आठ कामगार. बस्स, कॉनलचं आईकडे पोचलं ते एवढंच.

आई गेल्या नोव्हेंबरात नव्वदाव्या वर्षी गेली. जाताना तिने एकच गोष्ट मागितली. तिच्या कबरीतली मूठभर माती कॉनलवर घालायची आणि कॉनलच्या कबरीतली मूठभर तिच्यावर. तेवढी अदलाबदल झाली की मायलेकरं एकत्र झाली, असं तिचं म्हणणं. मातीसाठी सोरखाने आईचाच बटणांचा पत्र्याचा डबा घेतला. आमची दफनभूमी समुद्राला लागून आहे, तिथली माती काळी, रेताड, शिंपल्यांच्या तुकड्यांनी भरलेली. रोमच्या चौकात पोपच्या आशीर्वादाच्या वेळी लोकांनी जपमाळा उंच धरल्या तेव्हा सोरखाने हा डबा धरला होता.

पण रोमच्या पायऱ्यांनी सदुसष्ट वर्षांच्या सोरखाचे गुडघे कामातून गेले. झ्युरिकला उतरली ती चाकाच्या खुर्चीतच. म्हणजे आता जायचं ते तिच्या भावाने, मॅनसने. मॅनस एकसष्ट वर्षांचा, अविवाहित, आईजवळ राहिलेला. मेंढ्या आणि आई यांपलीकडे त्याने कसली जबाबदारी घेतली नव्हती आणि एकट्याने तो जवळच्या डेरी शहराच्या पुढे कधी गेला नव्हता. सोरखाने त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात गाड्यांच्या वेळा लिहिलेला कागद कोंबला, डबा हातात दिला.

"पाच वाजता मला तू इथे या खुर्चीसमोर हवास," ती म्हणाली. "आणि मॅनस, माती त्याच्या छातीवर घाल. पायाशी नको. आईने छातीवर सांगितलंय."

"कळतं मला."

"तुला काय कळतं ते मला कळतं. जा आता."

मॅनसला आणखी एक गोष्ट कळत होती, जी सोरखाला ठाऊक नव्हती. त्याच्या दुसऱ्या खिशात एक लिफाफा होता, चार वर्षांपूर्वी हिंटरस्टाल्डनहून आलेला, अजून न फोडलेला. आमच्या घराघरात चुलीवरच्या भिंतीला येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते, खाली लाल दिवा. नको असलेलं पत्र आलं की आमच्या आया ते त्या तसबिरीमागे सरकवतात. तोच बघून घेईल, असं म्हणतात आणि बटाटे सोलायला बसतात. बॉनरांच्या तसबिरीमागे हॉस्पिटलची पत्रं होती, कराची पत्रं होती. परदेशी तिकिटाचा लिफाफा आला तेव्हा आईने तो टेबलावर उपडा ठेवला. कॉनल छत पडताक्षणीच गेला असं कंपनीने सांगितलं होतं. पंचवीस वर्षांनी पत्र आलं, म्हणजे तो ताबडतोब गेला नव्हता असं त्यात लिहिलेलं असणार, हे तिने मनाशी घट्ट धरलं. "ठेव त्याच्यामागे," ती मॅनसला म्हणाली, "आणि सोरखाजवळ बोलू नकोस, ती फोडेल." मॅनसने ठेवलं. आई गेल्यावर त्याने ते काढलं खरं, पण फोडायचा धीर त्यालाही झाला नाही. आता गावाचा पत्ता म्हणून तोच लिफाफा बरोबर घेतला होता.

झ्युरिकच्या मुख्य स्थानकात तो उतरला आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्याचं उरलंसुरलं अवसान गळालं. स्थानकाच्या पोटात स्थानक, त्याच्या पोटात आणखी एक. हजारो माणसं चालत होती आणि कोणी बोलत नव्हतं. आमच्याकडे मयतालाही याहून जास्त गलका असतो. सरकत्या जिन्याने तो खाली जायच्या ऐवजी वर गेला आणि रस्त्यावर आला. रस्ता रिकामा होता म्हणून ओलांडला, तर पलीकडे उभ्या असलेल्या एका म्हातारीने त्याला बोट दाखवून असं झापलं की चर्चमध्ये खोडी काढताना पकडलेल्या पोरासारखा तो कानापर्यंत लाल झाला. तिची भाषा कळत नव्हती, लाल दिवा मात्र आता दिसला. ज्या ज्या माणसाला त्याने वाट विचारली त्या प्रत्येकाने स्वच्छ इंग्रजीत, नेमकं तेवढंच सांगितलं आणि पाठ फिरवली. वाईट कोणीच वागलं नाही. कोणी वाईट वागलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

फलाट सापडला तेव्हा नऊ वाजतच होते. मॅनस पळाला. दार त्याच्या नाकासमोर बंद झालं. आतली एक बाई त्याच्याकडे बघत होती, तो तिला हात जोडून दार उघड म्हणत होता, आणि गाडी गेली. आमची बस ड्रायव्हरचा चहा संपल्यावर सुटते आणि म्हातारं माणूस पळताना दिसलं तर थांबते. पुढची गाडी तासाभराने होती. मॅनस डबा मांडीवर घेऊन बाकावर बसला आणि मनातल्या मनात आईची माफी मागत राहिला.

गाडी सरोवराच्या काठाने गेली, मग डोंगर सुरू झाले. आधी दूर होते तोवर ठीक होतं. मग ते जवळ आले, मग दोन्ही बाजूंनी आले, आणि पिवळ्या बसमध्ये बसून वर चढताना ते थेट डोक्यावर आले. मॅनसने खिडकीला गाल लावून वर पाहिलं तरी आभाळ दिसेना. काळे कडे, त्यावर मे महिन्यातही बर्फ. आमच्याकडे माणूस दारात उभा राहिला की समोर अमेरिकेपर्यंत काही नाही. कॉनल तर वल्हं मारत वाढलेला पोरगा. आईला तो पत्रांत लिहायचा, इथे फार सुंदर आहे. तीन वर्षं तो या विहिरीत राहिला आणि दिवसभर आणखी खोल खणत राहिला, आणि लिहीत राहिला सुंदर आहे. मॅनसला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की तो सरळ खोटं लिहीत होता, आईसाठी.

हिंटरस्टाल्डनला बस बाराला टेकली. परतीची एक छत्तीसला होती, ती चुकली तर विमान चुकलं. चर्च समोरच होतं आणि दफनभूमी त्याच्या मागे, फोटोतल्यासारखीच. भिंत होती, भिंतीमागचा कडाही तोच होता. मॅनसचा जीव भांड्यात पडला. टोपी काढून तो तिसऱ्या रांगेपाशी गेला आणि नावं वाचू लागला.

कॉनल नव्हता. त्याने दुसरी रांग वाचली, चौथी वाचली. सगळ्या कबरी झकपक, प्रत्येकीवर फुलं, एकही दगड कललेला नाही. मग त्याच्या लक्षात आलं की सगळे दगड नवेच आहेत. तिसऱ्या रांगेत दोन हजार सोळा, सतरा, अठरा, बाकीच्या रांगांतही पंच्याण्णवच्या मागचं काही नाही. शंभर वर्षांचं चर्च आणि जुना मेलेला माणूस एकही नाही. आमच्या दफनभूमीत पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात मेलेल्यांचे दगड आहेत, नावं झिजली तरी कोणाचा कोण ते आम्हाला माहीत असतं. इथली जुनी माणसं गेली कुठे? चुकीच्या गावी आलो असं त्याला वाटलं. त्याने लिफाफ्यावरचं नाव चर्चच्या फलकाशी अक्षर अक्षर ताडून पाहिलं. मग पुन्हा पहिल्या रांगेपासून सुरुवात केली.

झारी घेऊन फुलांना पाणी घालणारी एक बाई मघापासून त्याच्याकडे बघत होती. पन्नाशीची, रबरी बूट घातलेली. ती जवळ आली. नाव फ्राऊ, म्हणजे श्रीमती, त्शूडी; म्हणाली, चर्चची देखभाल करते, आधी नवरा करायचा. तरुणपणी हॉटेलात काम केल्यामुळे तिला इंग्रजी येत होतं. मॅनसने फोटो पुढे केला आणि भावाचं नाव सांगितलं.

तिने फोटो बराच वेळ पाहिला. "हो," ती म्हणाली. "आयरिश मुलगा. तिसरी रांग, सातवा. ती रांग मोकळी केली."

"मोकळी केली म्हणजे?"

"पंचवीस वर्षं झाली की रांग मोकळी करतात. दगड काढायचे, जमीन सारखी करायची, मग पुढच्या लोकांना जागा. खोरं अरुंद आहे ना." त्याचा चेहरा पाहून ती थांबली. "सगळ्यांचंच तसं असतं. माझ्या वडिलांची गेल्या वर्षी केली. त्यांचा दगड मी घरी नेला, मागच्या दारी पायरीला लावलाय."

बाई हे शांतपणे सांगत होती, बटाट्यांची काढणी कधी झाली ते सांगावं तसं. मॅनसला रागही येईना. बापाच्या दगडावर पाय देऊन परसात जाणाऱ्या बाईवर रागवायचं तरी कसं? त्याने विचारलं, सातव्या जागी आता कोण आहे? तिने त्याला नेलं. मार्गारेथा कोणीतरी, शाळेत शिकवायची, दोन हजार अठराला गेली. तिच्यावर जांभळी फुलं होती आणि काचेच्या दिव्यात मेणबत्ती. मघाशी मॅनस या बाईवरून दोनदा पुढे गेला होता.

"पण तो खाली असेल ना? बोगद्यातून काढून इथे पुरलेल्याला पुन्हा कोणी कुठे नेलं नाही ना?"

"खाली असेल काहीतरी," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं, तोच तिचा दोष. "खणतात तेव्हा काही निघालं तर आणखी खोल ठेवतात. वरची माती मात्र नवी, खोऱ्यातून ट्रकने आणलेली. जुनीत पाणी तुंबायचं." आणि मग हळूच म्हणाली, "आम्ही घरच्यांना लिहिलं होतं. सगळ्यांना लिहितो. तुमच्याकडून उत्तर आलं नाही."

मॅनसने खिशातून लिफाफा काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट पाहिला. चिकटवलेली कड बोटाने चाचपली. मग मॅनसकडे पाहिलं, आणि त्या नजरेपुढे सकाळच्या म्हातारीचं झापणं परवडलं. फुलं छाटायच्या चाकूने तिने लिफाफा फोडला.

आत छापील कागद होता, आणि हिंटरस्टाल्डनचा पत्ता घातलेला दुसरा रिकामा लिफाफा. तिने वाचून सांगितलं. कबर आणखी दहा वर्षं ठेवायची असल्यास इथे खूण करावी. दगड हवा असल्यास इथे. नाव फाटकाजवळच्या भिंतीवर कोरून हवं असल्यास इथे, ते कायम राहील. खाली सही. एकतीस मार्चपर्यंत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असं समजण्यात येईल.

तो कसा मेला याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

कागदाच्या तळाशी पेनाने चार ओळी लिहिल्या होत्या, मोडक्या इंग्रजीत. फ्राऊ त्शूडी त्या वाचायला लागली आणि पहिल्याच शब्दाशी थांबली. तिने कागद मॅनसला दिला. "माझ्या नवऱ्याचं अक्षर आहे."

मॅनसने चष्मा लावला. तुमच्या कॉनलला मी ओळखत होतो, तिथे लिहिलं होतं. तो आमच्या गोठ्यात गाई बघायला यायचा. माझ्या आईच्या कबरीला पाणी घालतो तेव्हा त्याच्याही घालतो. तुम्हाला विचारल्याशिवाय त्याला हलवायचं माझ्या मनात नाही, म्हणून कृपा करून लिहा.

"तारीख उलटल्यावर त्याने वर्षभर वाट पाहिली," ती म्हणाली. "गावाने रांग मागितली तरी देईना. म्हणायचा, आयरिश लोक मेलेल्यांना विसरत नाहीत, उत्तर येईल. मग तो स्वतःच आजारी पडला."

इथे एक परका माणूस रोज सकाळी पोस्टमनची वाट पाहत होता, आणि तिकडे पत्र चुलीवर होतं, मॅनसच्या डोक्यापासून दीड हातावर. वर्षभर त्याच तसबिरीखाली बसून त्याने आणि आईने रोज कॉनलसाठी जपमाळ ओढली. एक खूण करायची होती. सही त्याला येत होती. त्या दिव्याच्या लाल उजेडात गुडघे टेकून दोघं देवाला म्हणत होती, त्याला सांभाळ, आणि त्याच वेळी ट्रक नवी माती घेऊन घाट चढत होता. तो मार्गारेथाच्या दगडाला हात टेकून खाली बसला.

फ्राऊ त्शूडी भली होती. तिने जांभळी फुलं हाताने बाजूला केली, खुरप्याने छोटा खड्डा केला आणि म्हणाली, "इथे घाला. हिला मुलंबाळं नव्हती, कोणी काही म्हणणार नाही." मॅनसने डब्याचं झाकण उघडलं. काळी माती, शिंपल्यांचे पांढरे कण. चिमटीत धरली. पण आई आयुष्यात बोलावल्याशिवाय परक्या बाईच्या अंगणात शिरली नव्हती. तिने छातीवर सांगितलं होतं, आणि ही छाती दुसऱ्या कोणाची होती. पंचवीस वर्षांनी पुन्हा ट्रक येणार होता. चिमटीतली माती त्याने परत डब्यात सोडली.

एक अठ्ठावीस झाले होते. फ्राऊ त्शूडीनेच घड्याळ दाखवलं. ती त्याच्याबरोबर थांब्यापर्यंत आली, तिच्या नवऱ्याचा कागद त्याने तिला परत दिला, आणि बस एक छत्तीसला सुटली.

बोगदा आला, गेला, तरी मॅनस तसाच बसून होता. सरोवर दिसायला लागल्यावर त्याला आठवलं की डबा अजून आईच्याच मातीने भरलेला आहे. सोरखा डबा मागणार. तिला काय सांगायचं? पत्र आलं होतं हे सांगायचं? सोरखा इतक्या वर्षांत शंभरदा म्हणाली होती की त्या गावाला एकदा लिहून विचारूया, कबर नीट आहे का, आणि आईने दर वेळी विषय बदलला होता. आता सांगितलं तर सोरखा त्याला माफ करेल, ती तशी आहे. आईला मात्र करणार नाही. मेलेल्या आईवर ती उरलेला जन्म दात धरून राहील.

त्याने रुमाल मांडीवर पसरला आणि डबा त्यावर उपडा केला. डोंगरातल्या मातीत शिंपले नसतात. एक एक शिंपला निवडायला सुरुवात केली. नखाएवढे तुकडे आधी, मग तांदळाएवढे, मग चष्मा लावूनच दिसतील असे. समोरच्या बाकावरच्या गृहस्थाने वर्तमानपत्र थोडं खाली केलं, बघितलं, आणि पुन्हा वर धरलं. या देशात कोणी काही विचारत नाही याचा सकाळी त्याला जाच झाला होता, आता तेच उपकार वाटले. विमानतळ येईतो त्याने माती निवडून स्वच्छ केली आणि डब्यात भरली. शिंपले कोटाच्या खिशात गेले, रिकाम्या लिफाफ्याशेजारी.

पावणेपाचला तो खुर्चीसमोर उभा राहिला. किलकॅरनची मंडळी चहाच्या नावाने बोटं मोडत बसली होती. सोरखाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं.

"सापडला नाही?"

"सापडला," मॅनस म्हणाला. "तिसरी रांग, सातवा. करडा दगड आहे. नाव स्वच्छ वाचता येतं."

"फुलं आहेत?"

"जांभळी. एक बाई रोज पाणी घालते. तिच्या नवऱ्याला कॉनल माहीत होता, त्यांच्या गोठ्यात जायचा गाई बघायला."

"गाई," सोरखा म्हणाली आणि रडायला लागली. "अरे, गाईंमागे लागलेला असायचा तो लहानपणीही." तिने डबा ओढून घेतला, छातीशी धरला. "छातीवर घातलीस ना?"

"घातली."

फादर डीनींनी तिथेच, सामानाच्या गाड्यांमध्ये उभं राहून प्रार्थना म्हटली. बाकीच्यांनी ओळीने येऊन मॅनसचा हात हातात घेतला. आईचं काम केलंस, म्हणाले. मॅनसने प्रत्येकाला मान डोलावली.

जूनमध्ये आमच्याकडे कबरींचा रविवार असतो. सगळं गाव दफनभूमीत जमतं, ज्याचा तो आपल्या माणसांपाशी उभा राहतो आणि फादर सगळ्यांवर पाणी शिंपडत जातात. बॉनरांच्या दगडावर आईच्या नावाखाली नवी ओळ कोरून आली होती. आणि तिचा मुलगा कॉनल, हिंटरस्टाल्डन येथे विश्रांती घेत आहे. सोरखा काठी टेकत पुढे झाली, डबा उघडला आणि माती आईच्या छातीवर हळूहळू ओतली.

"घे गं आई," ती म्हणाली. "आला तुझा कॉनल."

मग ती वाकली, हाताने माती पसरवली, आणि बराच वेळ बघत राहिली.

"मॅनस, हे बघ," ती म्हणाली. "एवढ्या लांबची माती, पण कुठली आपली, कुठली तिकडची ते ओळखूसुद्धा येत नाही."

मॅनसचा हात कोटाच्या खिशात होता. "नाही येत," तो म्हणाला.